मुक्काम खाडीचा मध्य

दिवाळी झाल्यावरच्या पहिल्या मंगळवारी खाडीपलीकडचं वाघिवरे गाव परदेशात गेलं.

ते जागचं हललं नाही. घरं होती तिथेच राहिली, देवळाचा कळस होता तिथेच दिसत राहिला, आणि शाळेमागच्या फणसाखाली रोज बसणाऱ्या दोन गाई बुधवारीही तिथेच बसल्या. फक्त अलीकडच्या काठावर, धोपटे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एक कागद लागला. समोरचा काठ आजपासून दुसऱ्या देशात गणला जाईल, ग्रामस्थांनी नोंद घ्यावी. ग्रामस्थांनी नोंद घेतली. धोपट्याचे निम्मे पुरुष एरवीही बोटीवर नाहीतर आखातात असायचे, त्यामुळे परदेशाचं कुणाला फारसं अप्रूप नव्हतं. बायकांना मात्र जरा बरं वाटलं. ज्यांच्या नणंदा पलीकडे दिलेल्या होत्या त्या आता ‘आमच्या वन्सं फॉरेनला असतात’ म्हणायच्या आणि हातातल्या पळीने दिशा दाखवायच्या.

अडचण झाली ती एकट्या दत्ताराम डोर्लेकरची. दत्ताराम हा तरीचा, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीचा, तांडेल. या काठाची माणसं त्या काठाला न्यायची आणि त्या काठाची या काठाला आणायची, हे काम त्याच्या आजाने केलं, बापाने केलं, आणि गेली एकतीस वर्षं तो करत होता. या तरीला वेळापत्रक नव्हतं. हाळी होती. ज्याला पलीकडे जायचं त्याने पायरीवर उभं राहून हाळी द्यायची, तांडेलाने असेल तिथून ‘आलोऽऽ’ म्हणून ओ द्यायची, आणि एकदा ओ दिली की मग जेवणाचं ताट पुढ्यात असलं तरी तर सोडायची. हाळी कुणाची ते विचारायचं नाही. सावकार असो, चोर असो, नाहीतर बायकोची आई असो. दत्तारामचा आजा म्हणायचा की हाळी देणाऱ्याची जात पाण्याला कळत नाही, मग आपल्याला कळून काय करायचंय. डोर्लेकरांच्या तीन पिढ्यांत एक हाळी फुकट गेली नव्हती.

रोजची पहिली हाळी दत्तारामच्या थोरल्या बहिणीची असे. सुगंधा त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी, वाघिवऱ्यात दिलेली. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, घाटाच्या बेचाळीस पायऱ्या चढून वर गेलं की तिचं एकटीचं घर. त्यांच्या आईने जाताना दत्तारामला जवळ बोलावून सांगितलं होतं, “पोरीला पाण्यापलीकडं दिल्ये. तू रोज तिचं त्वांड बगून ये. एक दिस चुकवू नको.” तो चुकवत नसे. पहिली खेप पलीकडे लागली की तो तिच्या पडवीत बसायचा, सुकट भाजलेली असायची, मिठातली कैरी असायची, दोघं पेज प्यायची आणि फारसं काही न बोलता तो परत यायचा. तो येणारच हे सुगंधाला ठाऊक असायचं. तरीही ती पायरीवर येऊन हाळी द्यायची. फोन तिने कधी घेतला नाही. ओरडून होतं त्याला यंत्र कशाला, असं तिचं मत होतं.

बुधवारी तलाठ्याच्या जुन्या खोलीवर ‘सीमापार सागरी सेवा मोकळीक कार्यालय’ अशी पाटी लागली आणि ढोबळे मॅडम रुजू झाल्या. मॅडम जत तालुक्यातल्या. त्यांच्या गावाला पाणी टँकरने येई. एवढं पाणी एका जागी त्यांनी प्रथमच पाहिलं होतं, पण कामात त्यांनी ते दिसू दिलं नाही. खुर्चीवर बॅग ठेवून त्या सरळ घाटावर आल्या. दत्ताराम तरीतलं पाणी उपसत होता.

“ही तुमची सेवा आता सीमापार सागरी सेवा झाली,” मॅडम म्हणाल्या.

“खाडी हाय ही, मॅडम. समुद्र नाय.”

मॅडम तीन पायऱ्या खाली उतरल्या. त्यांनी पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं, पर्समधून पेन काढलं आणि वहीत ‘खारट’ असं लिहिलं.

“सागरी आहे,” त्या म्हणाल्या. “पण तुमच्यासाठी चांगली बातमी आहे. दोन्ही देशांत करार झालाय. सीमेपलीकडे जलवाहतुकीची सेवा द्यायची सगळ्यांना पूर्ण मोकळीक आहे. कुणी कुणाला अडवायचं नाही. फार चांगला करार आहे, मी दोनदा वाचला.”

“मंग सोडू तर?”

“मोकळीक आहे. परवानगी नाही. मोकळीक मिळायला अर्ज करावा लागतो.”

दत्ताराम यावर काही बोलणार, तेवढ्यात पलीकडून हाळी आली. “दत्ताऽऽ होऽऽ!” आणि एकतीस वर्षं तोंडाला लागलेली सवय, दत्तारामने मान वर करून ओ दिली, “आलो गोऽऽ!”

मॅडमचं पेन थांबलं. “आत्ता तुम्ही काय केलंत?”

“ओ दिली.”

“म्हणजे परदेशी नागरिकाने सेवा मागितली आणि तुम्ही परवान्याशिवाय ती कबूल केलीत.”

“बहीण हाय ती माझी.”

“राहते कुठं?”

दत्तारामने पलीकडे बोट दाखवलं. मॅडमनी ते लिहून घेतलं. त्यांना वाईट वाटत होतं, आणि तसं त्यांनी सांगितलंही. कलम चारप्रमाणे, मागितलेली सेवा नाकारता येत नव्हती. कलम नऊप्रमाणे, परवान्याशिवाय ती देता येत नव्हती. हा माणूस आता गेला तर एक कलम मोडत होता आणि थांबला तर दुसरं.

“मंग मी काय करायचा?” दत्ताराम म्हणाला.

“थांबा. न गेल्याचं कारण कळवता येतं. गेल्याचं कळवता येत नाही.”

त्याने तर बांधली. प्रकरण वर गेलं.

ते अकरा दिवस दत्तारामने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. रस्त्याने जायला हरकत नव्हती. वर कुठेतरी पूल होता, पण पूल जमिनीच्या खात्यात मोडे आणि जमिनीवरून परदेशात जायला पासपोर्ट लागे. दत्तारामकडे रेशनकार्ड होतं. रोज सकाळी सुगंधा पायरीवर येई. तीन हाळ्या देई. दत्ताराम घाटावर बसून पंच्याचा बोळा तोंडात धरून ठेवी, चुकून पुन्हा ओ जाऊ नये म्हणून. ती थोडा वेळ उभी राही आणि पायऱ्या चढून परत जाई. तिच्या हातात पेजेचं भांडं आहे हे अलीकडून दिसत असे. दत्तारामला लाज वाटे. आजाची वाटे, बापाची वाटे, आणि आईची तर फारच वाटे. पहिले दोन दिवस बाकीचे लोकही पलीकडून ओरडले. मग त्यांना परदेशात असल्याची सवय झाली.

बाराव्या दिवशी उत्तर आलं. मॅडम कागद घेऊन स्वतः घाटावर आल्या.

“परवाना मंजूर आहे,” त्या म्हणाल्या. “बारावं कलम फारच चांगलं आहे. परवान्याच्या तरीने जो उतारू येईल त्याला दोन्ही काठांवर उतरायला मोकळीक. पासपोर्ट नको, काही नको. फक्त सतराव्यात थोडी अडचण आहे. सेवा देणारा दोन्ही काठांना सारखा हवा. तुम्ही राहता धोपट्यात. म्हणजे धोपट्याची हाळी तुम्हाला आधी ऐकू येणार. हा भेदभाव झाला.”

“मंग तिकडं जाऊन र्‍हातो. बहिनीकडं.”

“मग उलटा भेदभाव.”

“मंग र्‍हायचं कुठं मानसानी?”

मॅडमनी पाण्याकडे पाहिलं. कागदाबरोबर एक नकाशाही आला होता. त्यावर खाडीच्या बरोबर मधोमध लाल शाईचा ठिपका होता.

“तरीत,” त्या म्हणाल्या.

अट साधी होती. तरीचं टोक दोन्ही काठांना लागलं तर चालेल. तांडेलाचा पाय कुठल्याच काठाला लागता कामा नये. दत्तारामची बायको सुलभा धुण्याची बादली घेऊन तिथेच उभी होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तसं बी घरात किती असता तुमी? डबा पायरीवर आनून दीन.” मग ती बराच वेळ धुणं आपटत राहिली, नेहमीपेक्षा जरा जास्त जोराने.

दत्तारामने सही केली. पत्त्याच्या रकान्यात मॅडमनी लिहिलं, ‘मुक्काम खाडीचा मध्य’. धोपट्याच्या यादीतून त्याचं नाव कमी झालं.

त्यानंतरचे दोन-अडीच महिने तक्रार करण्यासारखे नव्हते. तरीवर ताडपत्री लागली, एक स्टोव्ह आला, गोधडी आली. काम नसलं की तो मधोमध नांगर टाकून बसे. दोन्ही काठांच्या हाळ्या त्याला सारख्याच ऐकू येत, त्यात सरकारचं चुकलं नव्हतं. पोस्टमन पत्र द्यायला आला की हाळी देई. लोक खूश होते. पलीकडे ये-जा पूर्वीपेक्षा वाढली, कारण परदेशाला जाऊन दुपारच्या जेवणाला घरी येता येत होतं. आणि सकाळी सुगंधा बेचाळीस पायऱ्या उतरून खाली येई, हाळी देई, शेवटच्या पायरीवर बसे, आणि पहिली खेप लागली की तरीत बसलेल्या भावाच्या हातात पेजेचा वाडगा देई.

“हाडकलास,” ती म्हणे.

“तरीत बसून कोन हाडकतो? उलट सुटलोय.”

“मला दिसत्ये ना.”

आईला दिलेला शब्द पाळला जात होता. तिचं तोंड रोज दिसत होतं. दत्तारामला याहून जास्त काही नको होतं.

माघातल्या एका सकाळी हाळी आली नाही. दत्ताराम नांगर उचलून वाट बघत राहिला. ऊन पाण्यावर आलं तरी काही नाही. न मागता जायचं का, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. शेवटी पलीकडून दुसऱ्याच कुणाचीतरी हाळी आली म्हणून तो गेला. पायरीवर हरचेकर उभे होते. हरचेकर वाघिवऱ्याचे पोस्टमास्तर. गाव परदेशात गेल्यापासून ते त्या देशाचे बंदर-अधिकारीही झाले होते, टोपी तीच होती.

“दत्ता, तुझी बाय पडली काल मोरीत,” हरचेकर म्हणाले. “मांडीचा हाड मोडलान. डाक्तर येऊन गेला. खाटेवर हाय. ह्या वयात काय ता जुळनार, म्हनला. आता ती खाली येत नाय, दत्ता. कदीच नाय.”

“काय बोलत्ये?”

“सकाळपासून एकच विचारत्ये. तर आली काय, म्हनून.”

दत्तारामने मान वर करून पाहिलं. घर तिथून दिसत होतं. पडवीत त्याचा पाट भिंतीला टेकून ठेवलेला होता, तोसुद्धा दिसत होता. त्याने उजवा पाय तरीच्या काठावरून बाहेर काढला.

“ठेव,” हरचेकर हळूच म्हणाले. “मी नाय बगत. पन ल्हावं लागंल मला. मंग परवाना जाईल नि सगळेच अडकतील. कालच तुमच्याकडची पवाराची सून माहेरी आल्ये, लेकरू घेऊन. तिला परत कोन नेईल?”

पाय थोडा वेळ तसाच हवेत राहिला. मग दत्तारामने तो आत घेतला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते त्याने पुसलं नाही. “तिला सांगा, तर आली होती,” तो म्हणाला, आणि खेप घेऊन परतला.

धोपट्याच्या घाटावर त्याने मॅडमना बोलावून घेतलं. त्या पायरीवर बसल्या, तो तरीत. त्याने सगळं सांगितलं. मग त्यांनी कराराचं पुस्तक मांडीवर उघडलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्यांनी पदर डोक्यावर घेतला.

“सेवा देणाऱ्याला उतरता येणार नाही,” त्या अखेरीस म्हणाल्या. “त्यात काही करता येत नाही. उतारूला येतं.”

“मंग मी उतारू होतो.”

“उतारूने सेवा मागावी लागते. तर दुसरी आहे का?”

“नाय. येकच हाय.”

“तांडेल दुसरा?”

“त्यो बी येकच.”

मॅडमनी आणखी दोन पानं उलटली. “तुम्ही हाळी दिलीत, तर तांडेलाला नाही म्हणता येणार नाही. चौथं कलम. हाळी देणारा कोण आहे हे त्याने विचारायचंही नाही.” त्यांनी पान पुन्हा वरून खाली पाहिलं. “उतारू आणि तांडेल एकच नसावा, असं यात कुठं लिहिलेलं नाही. बहुतेक तसा विचार कुणाला सुचला नसेल.”

“मंग झालाच की.”

“पण हाळी खरी द्यायला हवी. मनातल्या मनात चालणार नाही. आणि ओ तांडेलाने द्यायची. दोन्ही मला इथपर्यंत ऐकू आलं पाहिजे, म्हणजे मला लिहिता येईल.”

दत्तारामने तर खाडीच्या मध्यावर नेली. लाल ठिपका साधारण कुठे येतो ते त्याला आता पाठ झालं होतं. तिथे तो उभा राहिला. तोंडाभोवती हात धरले तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आयुष्यात आपण कधी हाळी दिलेलीच नाही. आपण फक्त ओ देत आलो. पहिली हाळी घशातच राहिली. दुसरी बरी गेली.

“तांडेऽऽल होऽऽ!”

दोन्ही काठांवरची माणसं बघायला लागली. थोडा वेळ पाण्याचाच आवाज होता.

“आलोऽऽ!” तांडेलाने ओ दिली.

धोपट्याच्या पायरीवर मॅडमनी वेळ लिहिली. तर पलीकडे लागली. हरचेकर वही घेऊन पुढे आले.

“उतारू किती?”

“येक.”

“नाव?”

“दत्ताराम डोर्लेकर.”

“कुठून?”

“खाडीच्या मध्यावरनं.”

“आनि तांडेल कुठं हाय?”

“तरीत.”

हरचेकरांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं. उतारू पायरीवर उभा होता. तांडेल तरीच्या मागच्या टोकाला, वल्हं आडवं मांडीवर घेऊन बसलेला होता. त्याचा पाय कुठल्याच काठाला लागलेला नव्हता. आकडा बरोबर होता. हरचेकरांनी सही केली आणि बाजूला झाले.

दत्ताराम बेचाळीस पायऱ्या चढला. अडीच महिन्यांत पाय जमीन विसरले होते, दोनदा त्याला भिंत धरावी लागली. सुगंधा पडवीतच खाटेवर होती, तिने हट्टाने खाट बाहेर काढून घेतली होती. तोंड सुकलं होतं. भाऊ दिसला तसे तिने हात पुढे केले आणि त्याचा चेहरा चाचपून पाहिला.

“आलास?”

“आलो.”

“हाळी द्याया येईना रे मला. गळाच नाय र्‍हायला. मला वाटला, आता काय तू येत नाय.”

“मी दिली ना हाळी.”

“तू दिलीस? मंग बरा झाला,” ती म्हणाली.

शेजारच्या काशीवहिनीने पेज गरम केली. दत्तारामने आपला पाट मांडला, एक घोट बहिणीला पाजला, एक आपण प्याला. तिसऱ्या घोटाला सुगंधाने तोंड बाजूला केलं.

“तांडेलाला दिलास काय?”

“नाय.”

“मानूस उन्हात बसलाय. काशी, वाडगा भरून न्हे गो खाली. कैरी पन घाल.”

काशीवहिनी वाडगा घेऊन गेली आणि रिकामा वाडगा घेऊन परत आली. पेज जरा अळणी होती म्हणून सांगितलंय, असं ती म्हणाली. दत्तारामलाही अळणीच लागली होती.

तेवढ्यात धोपट्याकडून हाळी आली. दत्तारामने सवयीने मान वर केली, तोंड उघडलं, पण त्याच्या आधी खालून, पाण्यावरून, ओ गेली. “आलोऽऽ!” आवाज ओळखीचा होता. तर काठापासून सुटली.

दत्ताराम पाटावरून उठून पडवीच्या कडेला आला. खाडीत आपली तर चालताना कशी दिसते, हे त्याने मोठा झाल्यापासून कधी पाहिलंच नव्हतं. ती त्याला वाटलं होतं त्यापेक्षा लहान होती. ताडपत्रीला ठिगळ होतं. तांडेल डाव्या अंगावर वाकून, खांदा पाडून वल्हं मारत होता आणि दर चौथ्या वल्ह्याला मागे वळून काठाकडे बघत होता.

“बाबा असाच वल्हवायचा,” सुगंधा खाटेवरून म्हणाली. तिला उशीवरून तेवढं पाणी दिसत होतं. “डाव्या हाताला वाकून. मी एकतीस वर्सं हितनं बगत्ये. तुला सांगायचा र्‍हायला.”

तर धोपट्याला लागेपर्यंत दत्ताराम उभा राहिला. मग येऊन पाटावर बसला आणि बहिणीच्या केसांना तेल लावलं. ते काम त्याला जमत नव्हतं, पण तिने चालवून घेतलं.

उन्हं कलायला लागली तशी सुगंधा म्हणाली, “जा आता. भरती हाय तवर जा. उद्या येशील ना?”

“हाळी दीन नि येईन.”

“नीट न्हेतो काय रे तुला?”

“बरा हाय,” दत्ताराम म्हणाला. “वळखीचा हाय.”

तो पायऱ्या उतरून शेवटच्या पायरीवर आला. तर मध्यावर उभी होती. त्याने तोंडाभोवती हात धरून हाळी दिली, ओ आली, आणि मग तो सुगंधाच्या जागी बसून तरीची वाट बघू लागला.